जावयाचा जोड

सासऱ्याने जोडाची पावडर कालवताना पाठ फिरवली आणि जावयाच्या मनात पाल चुकचुकली.

तसं पाहिलं तर पाठ फिरवायला कारण होतं. पत्र्याच्या छपराखाली तिन्ही बाजूंनी वारा यायचा आणि ती पावडर पिठासारखी हलकी. वाऱ्याकडे तोंड करून डबा उघडला तर अर्धी डोळ्यांत जायची आणि अर्धी शेजारच्या गोठ्यात. पण संशयी माणसाला वारा दिसत नाही, पाठ तेवढी दिसते. जावई हातातला पाना उगाचच फडक्याने पुसत उभा राहिला आणि मनात म्हणाला, लपव किती दिवस लपवतोस ते.

त्याला गावात सगळे जावईच म्हणत. दुकानदार म्हणे, दूधवाले म्हणत, शाळेतली पोरंसुद्धा म्हणत. एक बायको सोडली तर तो सगळ्या गावाचा जावई होता. शहराच्या कडेला एकेकाळी त्याचं स्वतःचं दुकान होतं, लोखंडी दारं-खिडक्या करायचा. रस्ता रुंद झाला आणि दुकान रस्त्यात गेलं. बायको म्हणाली, थोडे दिवस माहेरी राहू. थोडे म्हणजे किती, हे तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. सासुरवाडीला पाहुणा म्हणून गेलेल्याला आधी खुर्ची देतात, मग चहाच्या वेळी ‘तुम्ही घेतलात ना?’ असं विचारतात, आणि एक दिवस त्याच्या हातात बादली देऊन म्हशीला पाणी दाखवायला पाठवतात. जावई बादलीपर्यंत पोचला होता.

त्या पावसाळ्यात मात्र बादलीतून सुटायची संधी आली. पाऊस नुसता लागून राहिला होता. रस्त्यांची चाळण झाली, दुधाचे टेंपो आदळत-आपटत जाऊ लागले आणि दूध केंद्राचे ॲल्युमिनियमचे कॅन बुडापाशी तडकू लागले. रोज नवे तडकलेले कॅन सासऱ्याच्या अंगणात येऊन पडत. ॲल्युमिनियमला गॅसच्या ज्योतीने जोड देणारा त्या सगळ्या मुलखात म्हातारा एकटा. आणि नेमका त्याच वर्षी त्याचा उजवा डोळा दुधाळ झाला. केंद्राचा मॅनेजर येऊन स्पष्टच बोलून गेला, “तुमच्यानंतर कोण ते ठरवा. नाहीतर आम्ही कॅन शहरात पाठवतो.”

म्हाताऱ्याला मुलगा होता, पण तो शहरात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात पंख्याखाली बसायचा. धुरात बसणं त्याला नको होतं. उरला जावई. जोडाचा हा हात आपल्याला आला तर या घरातली मागची खोली आपल्या हक्काची, आणि नाही आला तर जन्मभर बादली, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. म्हातारा हात खरंच देईल की मुलासाठी काही राखून ठेवील, एवढंच ठाऊक नव्हतं.

“लोखंड विसरा,” सासरा पहिल्या दिवशी म्हणाला होता. “लोखंड तापलं की लाल होतं, आधी सांगतं तरी. हे बेणं काही सांगत नाही. शेवटपर्यंत जसंच्या तसं दिसतं आणि एकदम बसकण मारतं.”

“हो मामा,” जावई म्हणाला आणि सवयीने लाल होण्याची वाट पाहत बसला. धातू लाल झाला नाही. कॅनचं अख्खं बूड ओल्या कागदासारखं खाली आलं. बाकावर आपापल्या कॅनची वाट पाहत बसलेले दूधवाले खो खो हसले.

“जावईबापू, राहू द्या तसाच. नरसाळं म्हणून चालेल,” त्यातला एक म्हणाला.

जावयाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण त्याने दुसरा कॅन ओढला. कंबर मोडेस्तोवर बसला, बोटं भाजून घेतली, मनगटात गोळे आणले. हळूहळू हाताला कळू लागलं. आधी कानशीने आणि तारेच्या ब्रशने तडा चकाकेपर्यंत घासायचा. पावडर पाण्यात कालवून जोडावर आणि काडीवर लावायची; काडी म्हणजे जुन्या कॅनचीच कापलेली पट्टी. शेजारी साबणाची रेघ ओढायची. ज्योत जराशी आळशी ठेवायची, फुरफुरती नको. साबणाची रेघ तपकिरी झाली की सावध व्हायचं, काळी पडली की काडी टेकवायची. पावडर पेटली की डोळ्यांपुढे पिवळा उजेड नाचतो, त्यात काही दिसत नाही; म्हणून निळ्या काचेचा चष्मा. त्या काचेतून खाली पाऱ्यासारखा थरथरता थेंब दिसला की तो पुढे पुढे चालवत न्यायचा.

ज्या दिवशी थेंब पहिल्यांदा तड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न फुटता गेला, त्या दिवशी जावयाला रडू येईल की काय असं झालं. सासऱ्याने जोडावरून अंगठा फिरवला आणि “हं” म्हणाला. म्हाताऱ्याचं “हं” म्हणजे दुसऱ्याचं भाषण. जावयाला धीर धरवेना. एरवी झालेले कॅन अंगणात पडत, संध्याकाळी सासू अंगण आवरायची, आणि सकाळी सगळे कॅन ओट्यावर ओळीने मांडलेले असायचे. याने मात्र तो कॅन कोमट असतानाच सायकलला बांधला आणि थेट केंद्रावर नेऊन मॅनेजरपुढे ठेवला.

“माझा आहे हा,” तो म्हणाला. “मामांनी हातसुद्धा लावलेला नाही.”

मॅनेजरने पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. जावई शीळ घालत घरी आला.

पुढे काही दिवसांनी केंद्रावरून निरोप आला. जावई गेला तेव्हा सकाळच्या दुधाची गर्दी होती. मॅनेजरने तोच कॅन काढला. जोडाच्या कडेने पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी चढलं होतं. त्याने सगळ्यांदेखत कॅनमध्ये पाणी ओतलं आणि तो जावयाच्या पायावर धरला. टप, टप, टप. चप्पल भिजली.

“मामांनी हातसुद्धा लावलेला नाही ना?” मॅनेजर म्हणाला. “मग बरोबर आहे.”

रांगेतले लोक हसले. जावई मान खाली घालून कॅन घेऊन निघाला, पण जाता जाता त्याने एक गोष्ट बघून ठेवली. त्याच सुमाराला आलेले बाकीचे कॅन शेजारी रचलेले होते आणि त्यांतल्या एकावरही पांढरं नव्हतं. पावडर तीच, काडी तीच, ज्योत तीच. मग म्हाताऱ्याचे टिकतात आणि आपला का सडतो? कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याने घरी पोचेपर्यंत नक्की केलं.

खरं म्हणजे त्या चांगल्या कॅनमध्येही त्याने जोडलेले चार-दोन होते. पण अंगणातले कॅन सगळे एकत्र जायचे. टिकले ते सासऱ्याचे आणि गळला तो जावयाचा, असं गावाने ठरवून टाकलं होतं आणि जावयालाही ते आता खरं वाटू लागलं होतं.

संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते उतरायचं नाव घेत नाही. सासरा पावडर कालवताना पाठ का फिरवतो? शहरातून मुलाचा फोन आला की फोन घेऊन गोठ्याकडे का जातो? जोड झाल्यावर अंगठा फिरवतो, त्या अंगठ्याला काही लावलेलं असतं का? एकदा म्हातारा आंघोळीला गेलेला पाहून जावयाने त्याच्या डब्यातली पावडर चिमूटभर काढली आणि आपल्या डब्यातल्या पावडरीशेजारी ठेवून हुंगली, बोटांनी चोळली, जिभेवरसुद्धा ठेवली. दोन्हींनी जीभ सारखीच चरचरली. त्यावरून त्याने काय ठरवावं? तर फरक पावडरीत नाही, म्हणजे अजून खोल कुठेतरी आहे.

मग त्याने व्यवस्था केली. आपण जोडलेल्या प्रत्येक कॅनच्या बुडाला तो पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने ठोकून, एक ठिपका मारू लागला. आणि आपल्या माघारी कुणी त्याला काही करू नये म्हणून झालेले कॅन अंगणात न ठेवता थेट मागच्या खोलीत नेऊन कुलूप घालू लागला.

बायको उठता-बसता कॅनला अडखळू लागली. “मी तुमच्याबरोबर नांदायला आले, कॅनबरोबर नाही,” ती म्हणाली.

“तुला नाही कळायचं.”

“मला काय कळायचं राहिलंय? माझे बाबा रात्री उठून तुमच्या कॅनला भोकं पाडतात, एवढंच ना?”

“मी तसं म्हटलं का?”

“तोंडाने नाही म्हटलं.”

कुलूप लावायला सुरुवात केली त्या पहिल्याच संध्याकाळी सासू नेहमीप्रमाणे अंगण आवरायला आली होती. ही बाई बोलायला महाग. पहाटे उठल्यापासून तिच्या हातात बादली, खराटा नाहीतर काथ्या काहीतरी असायचंच, आणि घरातल्या माणसांनी तिच्याकडे पाहणं केव्हाच सोडून दिलं होतं. बाकीचे कॅन तिने कडेला घेतले आणि जावयाच्या मांडीशी असलेल्या कॅनला हात घातला.

“द्या इकडे जावईबापू.”

“राहू द्या मामी,” जावई म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “माझ्या कॅनला कुणी हात लावायचा नाही.”

सासूने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि पदराला पुसला. “बरं,” ती म्हणाली आणि उरलेले कॅन घेऊन मागे गेली. त्यानंतर तिने जावयाच्या कॅनकडे नजरसुद्धा वळवली नाही. जावयाला वाटलं, बघा, चोरी पकडली की माणूस कसा गप्प होतो.

ठिपक्याचे कॅन एकामागून एक परत आले. एकही सुटला नाही. सगळ्यांना तीच पांढरी बुरशी, तेच टप टप. आणि बिनठिपक्याचे, म्हणजे सासऱ्याचे, केंद्रावर ठणठणीत. आता तर पुरावाच हातात आला होता. जावयाने तो पुरावा जेवताना काढला.

“मामा, एक विचारू का?”

“विचारा.”

“तुम्ही सगळं शिकवलंत. पण एक गोष्ट मुलासाठी राखून ठेवली आहे.”

सासऱ्याचा घास हातातच राहिला. “कुठली गोष्ट?”

“ते मला माहीत असतं तर विचारलं असतं का?”

बायकोने कपाळाला हात लावला. सासू वाढता वाढता थांबली आणि आत निघून गेली. म्हाताऱ्याने घास ताटात ठेवला आणि पाण्याने हात धुतले. रागावला असता तर जावयाला बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, “उद्यापासून माझ्या मांडीला मांडी लावून बसा. जे दिसेल ते तुमचं.”

जावई खरोखरच मांडीला मांडी लावून बसला. डोळ्यात तेल घालून बघत राहिला. म्हातारा काडी कशी धरतो, श्वास कधी सोडतो, ज्योत केव्हा उचलतो. काडी टेकवण्याआधी म्हातारा एकदा खाकरायचा, तर जावईही खाकरू लागला. बाकावरच्या दूधवाल्यांची करमणूक झाली. सासरा एक कॅन जोडी, शेजारी हा दुसरा जोडी. दोन्ही जोड सारखे, कुणीही सांगावं. मग सासऱ्याचा कॅन अंगणात राही आणि जावयाचा कुलपात जाई. आणि पुन्हा तेच. जावयाचे सडत, सासऱ्याचे टिकत.

अशातच मुलाच्या बायकोचे दिवस भरत आले म्हणून सासू शहरात गेली. जाताना तिने लेकीला म्हशीचं, दुधाचं, चुलीचं सगळं सांगितलं. कॅनचं काही सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे असं तिच्या डोक्यातही आलं नसावं. संध्याकाळचे कॅन आता दूधवाले अंगणातूनच परस्पर उचलून नेऊ लागले.

आणि एक दिवस सासऱ्याचा कॅन परत आला. पांढरा पडलेला, गळका. पाठोपाठ दुसरा. मग जेवढे म्हणून गेले होते तेवढे. टेंपोवाल्याने ते चिखलात धडाधड टाकले आणि मॅनेजरचा निरोप सांगितला. हा आठवडा संपला की कॅन शहरात जाणार. सासऱ्याचे नकोत आणि जावयाचेही नकोत.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. जावयाने म्हाताऱ्याच्या कामात खोडा घातला, असं लोक उघड बोलू लागले. दुकानदाराने काडेपेटी देताना विचारलं, “काय जावईबापू, आता समाधान झालं का?” हे सगळं जावयाने मूग गिळून ऐकलं असतं. पण त्या दिवशी सासऱ्यानेच त्याला छपराखाली गाठलं.

“माझ्या कॅनला तुम्ही काय केलंत?”

“मी?” जावई म्हणाला. “मी कशाला काही करू?”

“तुमचे टिकत नव्हते. आता माझेही टिकत नाहीत. मी काय समजायचं?”

“मामा, मी काही केलेलं नाही.”

“मीही काही लपवलेलं नव्हतं,” म्हातारा म्हणाला. “विश्वास ठेवलात?”

दारात उभी असलेली बायको दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, “बसा दोघेही एकमेकांवर पहारा देत. घर गेलं तरी पहारा सोडू नका.”

सकाळी जावई उठून आला तेव्हा म्हातारा भिजक्या ओट्यावर कॅन मांडीत घेऊन बसला होता. अंगठा जोडावरून फिरवत होता. पांढरा भुगा त्याच्या धोतरावर सांडत होता आणि खाली धातूत बारीक बारीक खड्डे पडलेले दिसत होते.

“डोळा जाणार हे माहीत होतं,” तो जावयाकडे न पाहता म्हणाला. “हात जाईल असं वाटलं नव्हतं.”

त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. हा माणूस नाटक करत नाही, याच्याकडे लपवायला काही नाही आणि कधी नव्हतंच, असं त्याला त्या क्षणी आतून वाटलं. तरी मनाचा एक कोपरा म्हणालाच, की त्या डोळ्यातून तसंही धुराने सारखं पाणी येत असतं. आपल्याच मनाची जावयाला किळस आली. तो म्हाताऱ्याशेजारी ओट्यावर बसला. दोघेही पाऊस बघत राहिले.

दुपारच्या गाडीने सासू आली. सुनेला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. हातात बोचकं, डोक्यावर पोतं पांघरलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. अंगणात आली आणि कॅनच्या ढिगापुढे थबकली. वाकून एका कॅनवर नख ओढलं.

“हे असेच दिले? कुणी घासले नाहीत?”

“काय घासायचं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“ही पावडर. जोडावर राहते ती.”

सासूने बोचकं लेकीच्या हातात दिलं, पायसुद्धा न धुता आत जाऊन चूल पेटवली आणि मोठं पातेलं चढवलं. पाण्याला उकळी फुटल्यावर तिने त्यात जावयाने आदल्या दिवशी जोडलेल्या कॅनचं बूड बुडवलं, थोड्या वेळाने बाहेर काढलं आणि काथ्याने जोडाच्या बेचक्यांत, कडेच्या वळीखाली अशी घासू लागली की तिचे खांदे हलत होते. पाणी गढूळ झालं. ते फेकून तिने दुसरं घेतलं.

“लग्न होऊन नुकती आले होते,” ती घासता घासता म्हणाली. एवढं लांब बोलताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं. “यांनी घरचं पातेलं जोडून दिलं. मी तसंच वापरायला काढलं. महिन्याभरात त्याची चाळण झाली. सासूबाई म्हणाल्या, तूच आपटलंस. मग मी बघितलं, जिथे पांढरं राहिलं होतं तिथेच खाल्लं होतं. तेव्हापासून यांच्या हातून निघालेलं एकही भांडं मी असं जाऊ दिलं नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीस?” म्हाताऱ्याचा आवाज चिरकला.

“काय सांगायचं? भांडं घासलं हे काय सांगायचं असतं का?”

“मी शिकलो त्या उस्तादाकडे मागे हौद होता,” म्हातारा स्वतःशीच म्हणाला. “दोन बायका दिवसभर धूत असायच्या. मला वाटायचं, दुधाची भांडी म्हणून धुतात. मी कधी मागे गेलोच नाही.”

“केंद्रावर तरी धुतात ना?” जावयाने विचारलं.

“आतून विसळतात, गार पाण्याने. बाहेरच्या वळीत कोण हात घालतंय?” सासू म्हणाली. मग प्रथमच तिने जावयाकडे सरळ पाहिलं. “तुमचेही घासणारच होते मी. तुम्ही म्हणालात, हात लावायचा नाही. मला वाटलं, माझा हात तुम्हाला चालत नसेल.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जावयाला झालं. आपले कॅन कुलपात कोंडून, त्यांवर पहारा देऊन, आपणच आपल्या हाताने ते सडवले होते. आणि या बाईला चोर ठरवलं होतं.

“चुकलो मामी,” तो म्हणाला.

“चुकलात ते खरं,” सासू म्हणाली आणि काथ्या त्याच्या हातात दिला. “वळीखाली नीट घासा. तिथे राहते.”

गळके कॅन पुन्हा जोडले, उकळत्या पाण्यात बुडवले, घासले. जावई पाण्याजवळून हलेना. बोटांची सालं निघाली. बायकोने एकदा त्याच्या हाताला तेल लावलं आणि मागच्या खोलीचं कुलूप घेऊन गोठ्याच्या दाराला लावून टाकलं. केंद्रावर मॅनेजरने कुरकुरत आणखी थोडी मुदत दिली. मुदत संपली तरी एक कॅन परत आला नाही. तेव्हा तो “ठीक आहे” म्हणाला आणि शहराचा विषय त्याने काढला नाही. म्हातारा आता बाकावर बसून नुसता “हं” म्हणायचा, आणि लोक कॅन घेऊन आले की विचारायचे, “जावई आहेत का?” त्या विचारण्यात आता बादली नव्हती. जावई पहिल्यांदाच पोटभर जेवू लागला, आणि निवांत झोपू लागला.

आणि मग मेहुणा आला. मोटारसायकलवर पिशवी बांधून, बायको-मुलीला तिच्या माहेरी सोडून. शहरातल्या दुकानात मालकाने माणसं कमी केली होती. चहा पिताना तो मोकळेपणाने म्हणाला, “दाजी, मलाही शिकवा की. बाबांना आता दिसत नाही. घरचाच धंदा आहे.”

‘घरचाच’ हा शब्द जावयाला काट्यासारखा टोचला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं.

“मला विचारू नकोस,” म्हातारा मुलाला म्हणाला. “आता ते शिकवतात.”

जावयाने शिकवलं. मेहुणा चलाख निघाला, त्याने दोनच कॅनची बुडं पाडली. जावई साबणाची रेघ दाखवत होता, ज्योत दाखवत होता, निळ्या चष्म्यातून थेंब दाखवत होता आणि मनात हिशेब चालू होता. हा मुलगा आहे आणि आपण जावई. याच्या हाताला हे बसलं की छप्पर याचं, केंद्र याचं. मग आपल्या हातात काय येईल ते सांगायला नको.

ऊन पडलेलं होतं. मेहुण्याचा थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तो आनंदाने ओरडलाच. जोड निवेपर्यंतही त्याला दम निघेना.

“दाजी, मॅनेजरला दाखवून येतो!” म्हणत त्याने कॅन मोटारसायकलवर चढवला आणि दोरी आवळू लागला.

जावई गप्प बसला. बाकावर म्हाताऱ्याचा चांगला डोळा त्याच्यावर खिळला होता. बायको टोपली घेऊन दारात आली होती, तीही तिथेच थांबली. जावयाला कळलं की आता हे सगळे आपल्याकडे तसंच बघताहेत, जसं इतके दिवस आपण यांच्याकडे बघत होतो. काही करायचंही नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. काही दिवसांनी मॅनेजरने पाण्याने भरलेला कॅन मेहुण्याच्या पायावर धरला असता, रांग हसली असती. हा विचार त्याला एवढा गोड लागला की तो घाबरला.

मेहुण्याने गाडीला लाथ मारली. गाडी फाटकापर्यंत गेली.

“थांब रे!” जावई ओरडला.

“काय झालं दाजी?”

“उतरव तो कॅन. काम अर्धंच झालंय. गरम पाण्यात बुडवून घासावा लागतो, नाहीतर पावडर धातू खाते. पाणी ठेवतो मी, तू ये मागे.”

बायकोने टोपली खाली ठेवली. म्हातारा “हं” म्हणाला. जावई घाईने चूल पेटवायला मागच्या दारी गेला.

चूल पेटलेलीच होती. मोठ्या पातेल्यातलं पाणी खळखळ उकळत होतं आणि सासू हातात काथ्या घेऊन बाजूला उभी होती.

“केव्हा ठेवलंत मामी?”

“मघाशीच,” ती म्हणाली.

पाण्याला एवढी उकळी यायची तर ते बरंच आधी चढवलेलं असणार. जावई सांगेल याची खात्री होती म्हणून तिने ते ठेवलं होतं, की नव्हती म्हणून, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.